दोडामार्गातील एक पक्षी-मुक्काम : राई, काजू, रबर आणि कुळागर

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तिलारी धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका वाडीत एक शेतकरी कुटुंब काही वर्षांपासून घरगुती मुक्कामाची आणि पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्यांची सोय करते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघांनी तेथे तीन रात्री काढल्या. मुक्कामाचे आणि यजमानांचे नाव मी मुद्दाम देत नाही. एक तर पुढे काही तक्रारी यायच्या आहेत. शिवाय त्यांच्या बांधावरच्या बेहड्याच्या ढोलीत कवड्या धनेशाचे घरटे आहे, आणि नाव फुटले की घरट्याचा पत्ता फुटायला वेळ लागत नाही. कॅमेरे घेऊन येणाऱ्यांच्या गर्दीमुळे घरटे सोडून गेलेल्या पक्ष्यांच्या हकिकती कोकणात आता पुरेशा झाल्या आहेत.

मत आधीच सांगून टाकते. कोकणात आणि गोव्यात अशा सहा-सात ठिकाणी मी राहिले आहे. बहुतेक ठिकाणी यजमान आपल्याला थेट त्या एका पाणवठ्यावर किंवा त्या एका झाडाखाली नेऊन उभे करतात, यादीत चाळीस-पन्नास नावे भरतात आणि आपण समाधानाने घरी परततो. येथे मात्र पक्षी जेथे नाहीत तेथेही तितकाच वेळ उभे करतात. या गोष्टीचा पहिल्या सकाळी मला राग आला होता, आणि आता परीक्षण लिहायला बसले आहे ते तिच्यामुळेच.

राहण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौले असलेल्या तीन खोल्या आहेत, न्हाणीघर बाहेर आहे आणि पाणी बंबात तापते. माणशी दर रात्रीचे 2,200 रुपये पडले, त्यात दोन वेळचे जेवण, न्याहरी आणि सकाळची फेरी धरलेली आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी आणि ओल्या काजूगरांची उसळ. त्या उसळीसाठी कोणीही पुन्हा जाईल. हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि वहिनी सकाळी उठून हाताला राख चोळून ओले काजू सोलत बसलेल्या दिसत. मोबाइलला रेंज नाही, हे काहींना गैरसोयीचे वाटेल.

फेरीची रीत अशी आहे. यजमान, ज्यांना सारी वाडी दादा म्हणते, आदल्या रात्री एक वही आणून समोर ठेवतात. शाळकरी मुलांची, निळ्या रेघांची ती वही असते आणि प्रत्येक पानावर हाताने आखलेले चार रकाने असतात : राई, काजू, रबर आणि कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची मिश्र बाग. चारही ठिकाणे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, एकाच ओढ्याच्या दोन्ही काठांना आहेत, आणि त्यांच्यावर पडणारा पाऊस एकच आहे. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटे गप्प उभे राहायचे, जे दिसेल वा ऐकू येईल ते त्या त्या रकान्यात लिहायचे, आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी चढवायची असेल तर चार वेगळ्या याद्या चढवायच्या, असा दंडक आहे. येथे मागे काही संशोधक राहून गेले, त्यांच्याकडून दादांनी ही शिस्त उचलली. आमच्यातल्या एकाने विचारले की, रबराच्या बागेत पंधरा मिनिटे वाया कशाला घालवायची? दादांचे उत्तर असे होते : “रबरात बघूक कायएक गावचा नाय. पण ता बघल्याशिवाय रायेत काय असा, ता कळाचा नाय.”

पहिल्या सकाळी पावणेसातला आम्ही राईत शिरलो. राई म्हणजे देवराई; गावाच्या राखणदाराच्या नावाने राखलेला तीन-चार एकरांचा सदाहरित रानाचा तुकडा. व्ही. डी. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद करायला सुरुवात केली, तेव्हापासून या तुकड्यांचे महत्त्व शास्त्राच्या भाषेतही मांडले गेले आहे. गावाला ते आधीपासून ठाऊक होते, फक्त त्याचे कारण वेगळे होते. आत पाऊल टाकताच पायाखाली पानांचा थर घोट्यापर्यंत येतो आणि उजेड हिरवट होतो. पहिली दहा-बारा मिनिटे काहीही हालले नाही. मग वरच्या फांद्यांतून भृंगराजाचा तो धातूसारखा खणखणीत आवाज आला, आणि त्याच्यामागोमाग जणू राईच हलू लागली.

मिश्र थवा म्हणतात तो हा. भृंगराज मधल्या उंचीवर बसून टेहळणी करतो, धोका दिसला की ओरडतो, आणि त्याच्या भरवशावर इतर पक्षी निर्धास्तपणे किडे टिपत पुढे सरकतात. वरच्या शेंड्यांत केशरी निखार होते. त्याखाली पिवळ्या भुवईचे बुलबुल, काळ्या मानेचा निळा माशीमार, एक स्वर्गीय नर्तक. खोडांवर हृदयासारखे ठिपके असलेला तो बुटका सुतार. आणि गुडघाभर उंचीच्या झुडपांत तपकिरी गालांचे छोटे सातभाई, जे कधीच नीट दिसत नाहीत पण किचकिच करीत राहतात. प्रत्येकाची उंची ठरलेली असते, आणि म्हणूनच रानाचा एक मजला काढून घेतला तर त्या मजल्यावरची बिऱ्हाडे वर किंवा खाली जात नाहीत, ती गाव सोडतात. थव्यात सामील न होता एका वेलीवर मलबारी कर्ण्याचा नर आमच्याकडे पाठ करून बसला होता. हा पक्षी इतका निश्चल बसतो की त्याचे लाल पोट समोर आल्याखेरीज तो दिसतच नाही. खाली पाचोळ्यात एक नवरंग चोचीने पाने उलटत होता. एक पान उलटायचे, शेपटी दोनदा हलवायची, पुढे दोन उड्या. हिवाळी मुक्कामाला आलेला हा पाहुणा ज्या पाचोळ्यावर जगतो, तोच पाचोळा बागेत वणव्याच्या भीतीने झाडून जाळला जातो, हे मला तासाभराने कळायचे होते.

दादांनी आम्हाला थव्याच्या मागे न नेता त्याच्या पुढे, राईच्या कडेला नेऊन उभे केले. तेथे चिऱ्याचा एक गडगा आहे. अलीकडे राईतला शेवटचा जुना आंबा, पलीकडे शेजाऱ्याची काजूची कलमे. थवा आंब्यापर्यंत आला. भृंगराज गडग्यावर झुकलेल्या फांदीवर बसला, त्याने कलमांकडे तोंड करून दोन-तीन वेळा शीळ घातली, आणि मग तो परत फिरला. त्याच्यामागे सगळा थवा कडेकडेने वळला आणि राईच्या पोटात दिसेनासा झाला. गडगा ओलांडला तो फक्त चष्मेवाल्यांच्या टोळीने आणि एका सुभगाने. उंचीला कमरेएवढा असलेला तो गडगा कोणत्याही पक्ष्याला अडवणारा नव्हता. मी पुस्तकांत रानाच्या तुकड्यांविषयी, कडेच्या परिणामांविषयी बरेच वाचलेले आहे, पण एक सीमा पक्षी स्वतः आखून दाखवतात हे मी प्रथमच पाहिले, आणि या फेरीचे पैसे तेथेच वसूल झाले.

काजूत उभे राहिल्यावर पक्षी दिसत नाहीत असे नाही, आणि हे नीट सांगणे आवश्यक आहे. मोहोर फुललेला होता. शिंजीर, फुलटोचा, शिंपी, शिपाई बुलबुल, लालबुड्या बुलबुल, दयाळ, सातभाईंची एक भांडखोर टोळी, तारेवर कोतवाल, आणि गडग्यावरून तुरुतुरु जाणारा भारद्वाज. पंधरा मिनिटांत यादी अर्धे पान भरली. नवखा माणूस म्हणेल की, येथे तर राईपेक्षा पक्षी जास्त दिसतात, आणि उघड्या बागेत ते खरोखर अधिक सहज दिसतात. परंतु यातला प्रत्येक पक्षी मला पुण्यातल्या माझ्या सोसायटीच्या आवारात किंवा फार तर सिंहगडाच्या पायथ्याशी भेटतो. जातींची संख्या थोडीशीच खाली येते, पण पक्ष्यांचे समाज मात्र बदलतात. दाट रानाशिवाय कोठेच न राहणारे जातात आणि कोठेही राहू शकणारे त्यांच्या जागी येतात. पाचोळ्यात आणि झुडपांत किडे टिपणारे आधी जातात, मोठी फळे खाणारे त्यानंतर. मध पिणारे आणि दाणे वेचणारे टिकतात, कधीकधी वाढतातही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या गेल्या शतकभरातील जमीनवापराचा आणि पक्ष्यांचा ताळा रणजित डॅनियल्स, एन. व्ही. जोशी आणि माधव गाडगीळ यांनी 1990 साली मांडला होता. तो जिल्हा येथून फार लांब नाही, आणि तेथे जे शतकात घडले ते दोडामार्गात माझ्या वयाच्या माणसांनी एका पिढीत पाहिले आहे.

बागेचे व्यवस्थापन दादा न लपवता समजावतात, कारण काजू त्यांचाही आहे. पूर्वीची गावठी काजूची झाडे रानातच, किंजळ-ऐनाच्या मध्ये वाढत. खाली झुडपे असत, वर वेली असत. कुमरीची, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती करून सोडलेल्या उतारांवर रान परत येई आणि त्यात काजूही येई. 1990 च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना आली, अनुदान मिळू लागले, आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेली वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशी कलमे सात-सात मीटरवर ओळीने लागू लागली. कोकणातले बरेचसे रान मालकीचे आहे, सरकारी नाही. त्यामुळे ते तोडून कलमे लावणे हा कोणाला गुन्हा वाटला नाही, उलट ते पडीक जमिनीचे सोने करणे होते. मुंबईच्या गिरणीतून परतलेल्या माणसाला काजूने हात दिला. शहरातून आलेल्या पक्षीनिरीक्षकाने त्याला नाक मुरडू नये, आणि मीही मुरडत नाही; सकाळची उसळ मी दोनदा मागून घेतली होती.

तरीही बारीकसारीक गोष्टींनी बागेचे रूप ठरते. पावसाळ्यानंतर खालचे सारे बेणून काढतात, म्हणजे पडलेली बी वेचायला सोपी जाते. पाचोळा जाळतात. मोहोरावर ढेकण्या पडतो आणि कोवळे शेंडे करपतात, म्हणून पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा वेळी फवारण्या होतात. ढेकण्या मेला तर त्याच्यासोबत इतर किडेही मरतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत राईतले पक्षी पिलांना किडे भरवण्याच्या तयारीला लागलेले असतात. दादांच्या स्वतःच्या बागेत दोन फरक आहेत. त्यांनी ओढ्याच्या काठची दहा-बारा पावलांची पट्टी बेणायची सोडली आहे, आणि बांधावरचा बेहडा, दोन उंबर व वाळून गेलेली एक सावर तशीच उभी ठेवली आहे. त्या वाळल्या सावरीवर आम्ही पोहोचलो तेव्हा एक सुतार कामाला लागलेला होता आणि खाली पांढऱ्या भुशाचा ताजा सडा पडला होता. शेजारी त्यांना म्हणतात की, ही सावर पाडून चार कलमे बसली असती. दादा उत्तर देत नाहीत.

बेहड्याचे घरटे ते दुरूनच दाखवतात. साठ-सत्तर पावलांवर दोरी बांधलेली आहे आणि दोरीच्या पलीकडे स्वतः दादाही जात नाहीत. मादीने ढोलीचे तोंड लिंपून घेतले होते आणि एक अरुंद चीर तेवढी ठेवली होती. नर आला तो राईच्या दिशेने, पंखांचा सू-सू आवाज करीत. आधी शेजारच्या फांदीवर बसला, मान वळवून आमच्याकडे बघितले, मग खोडाला चिकटून उंबराची फळे घशातून एकेक वर काढून चिरेतून आत देऊ लागला. मी सतरा मोजली. अठराव्या वेळी आतून चोचीचे टोक दिसले आणि फळ खाली पडले. नराने त्याच्याकडे पाहिले, उचलायला मात्र तो गेला नाही. येथे धनेशाला ककणेर म्हणतात. घरटे काजूच्या बांधावर आणि खाणे राईत, अशी त्याची व्यवस्था आहे, म्हणजे बाग त्याला अगदीच परकी नाही; पण ढोलीसाठी लागणारी जाडी बेहड्याला यायला किती पिढ्या जातात आणि करवतीला किती वेळ लागतो, हा हिशेब ज्याने त्याने करावा. पक्षी गेले तर राईचेही काही खरे नाही. राईतले रानजायफळ किंवा तत्सम मोठ्या बियांची झाडे आपली बी लांब पोहोचवण्यासाठी धनेश आणि डोंगरी कबुतरांवर अवलंबून असतात. येथून जवळच बांबर्डे गावात रानजायफळीची पाणथळ राई आहे, जी 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. अशा राया तुटल्या नाहीत तरी फळे वाहून नेणारे गेले की उरतात त्या फक्त म्हाताऱ्या झाडांच्या राया.

रबराविषयी थोडक्यातच लिहिते, कारण पाहण्यासारखे थोडकेच होते. केरळातून आलेल्या बागायतदारांनी या तालुक्यात जमिनी घेऊन रबर लावले, आणि मग गावकऱ्यांनीही लावले. आम्ही गेलो त्या काळात रबराची पानगळ नुकतीच होऊन गेली होती. ओळींच्या ओळी फांद्या, खोडांवर तिरक्या चिरा, चिरांखाली बांधलेल्या वाट्या आणि वाट्यांत साचलेला पांढरा चीक. ना पक्ष्यांना खाण्याजोगे फळ, ना ढोली, ना खाली झुडूप. पंधरा मिनिटांत वहीत तीन नावे आली : दयाळ, टकाचोर, आणि लांबून ऐकू आलेला मोर. तो मोरही बहुधा रबरात नसावा. टकाचोर दिसणे हेही काही सुलक्षण नव्हे, कारण हा पक्षी रानाच्या कडेकडेने फिरत इतरांची अंडी आणि पिले साफ करतो, आणि कडा जितक्या वाढतात तितकी त्याची चंगळ होते. त्या शांततेत उभे राहिल्यावर दादांचे आदल्या रात्रीचे वाक्य मला आठवले.

कुळागर मात्र सुखद होते. पोफळी, माड, केळी, त्यांवर चढलेली मिरी, मध्येच जायफळ, फणस, कोकम, आणि पाटातून वाहणारे पाणी. शीळकरी कस्तुर पाटाच्या दगडावर बसला होता. त्याची ती सुरू होऊन मध्येच विसरल्यासारखी शीळ ऐकायला आम्ही पंधराची वीस मिनिटे केली. राईतले सगळे येथे येत नाहीत, पण नुसत्या पोफळीच्या बागेपेक्षा कितीतरी अधिक येतात, कारण येथे निरनिराळ्या उंचीची, निरनिराळ्या वेळी फळणारी झाडे आहेत. कृति कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 ते 2015 या काळात कर्नाटकातल्या सह्याद्रीत कॉफी, रबर आणि सुपारीच्या 187 बागांची पाहणी केली होती. तीत एकूण 204 जातींचे पक्षी नोंदले गेले, आणि रबर व सुपारीपेक्षा कॉफीचे मळे सरस ठरले. कॉफीला सावली लागते, आणि ती सावली देशी झाडांची असेल तर पक्षी राहतात. म्हणजे प्रश्न केवळ ‘रान की शेती’ असा नाही, शेतीत किती मजले ठेवले, असा आहे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे पक्षिस्नेही कॉफीचे प्रमाणपत्र याच तत्त्वावर उभे आहे. किमान 40 टक्के सावली आणि झाडांच्या किमान 10 जाती, अशी त्याची अट असते. काजूच्या पुडीवर असे काही मी आजवर पाहिलेले नाही.

पुडीचा विषय निघालाच आहे, तर आता तक्रारींकडे वळते. निघताना ओसरीवर काजूगरांच्या पुड्या विकायला ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर ‘जंगलातला काजू’ असे छापलेले होते. दोन दिवस ज्या माणसाने मला जंगल कोठे संपते आणि काजू कोठे सुरू होतो हे पावलागणिक शिकवले, त्याच्याच ओसरीवर हे वाचून मला हसू आले. छपाई पुतण्याने करून आणली, असे कळले. पुतण्याने छापलेल्या माहितीपत्रकातही ‘घनदाट अरण्यात वसलेले’ असे आहे. खोलीच्या तीन बाजूंना काजू आहे आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता.

पुतण्याविषयीची दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. दुसऱ्या सकाळी दादांना बँकेच्या कामाला जावे लागले आणि फेरी त्याने घेतली. मुलगा उत्साही आहे, नजर तीक्ष्ण आहे, पण कर्णा लगेच दिसेना तेव्हा त्याने फोनवर कर्ण्याचा आवाज लावला, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. नर आला, आमच्या डोक्यावर अस्वस्थपणे इकडून तिकडे उडत राहिला, आणि ज्यांना छायाचित्र हवे होते त्यांना ते मिळाले. विणीचा काळ तोंडावर असताना नराला खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावायला लावणे मला मान्य नाही. मी तेथे बोलले नाही, ही माझी चूक. रात्री दादांना सांगितले तेव्हा त्यांनी पुतण्याला बोलावून आमच्यासमोरच दोन शब्द सुनावले, आणि तेही मला अवघडल्यासारखे झाले.

राईच्या मागच्या अंगाला, आडून बसून पक्षी पाहण्यासाठी, एक लपण केले आहे. पाण्याचे उथळ कुंड, भोवती शेवाळलेले दगड, आणि दगडांच्या फटींत ठेवलेल्या अळ्या. श्यामा, केशरी डोक्याचा कस्तुर, नवरंग तीन-चार हातांवर येतात. छायाचित्रकारांसाठी हे आकर्षण आहे आणि घराचा खर्च त्यावर चालतो, हे मी समजू शकते. परंतु चार रकान्यांची ती वही ज्या प्रामाणिकपणाने भरली जाते, त्याच्या नेमके उलट काम हे लपण करते. तेथे बसलेल्या माणसाला वाटते की, पक्षी मुबलक आहेत. माहितीपत्रकातली जातींची लांबलचक यादीही तशीच : कोणता पक्षी कोणत्या रकान्यातला, आणि शेवटचा कधी दिसला, याचा तिच्यात मागमूस नाही. वहीत हे सारे आहे, पत्रकात आणायला काय हरकत आहे? शिवाय अंगणातला पांढरा झगझगीत दिवा रात्रभर जळतो. घुबडांसाठी प्रसिद्धी करणाऱ्या जागी तो तरी बंद करावा.

संध्याकाळची फेरी रद्द झाली, पण त्याचा दोष मी त्यांना देत नाही. ओढ्यापलीकडच्या पोफळीत हत्ती उतरल्याची वर्दी आली होती. कर्नाटकातून आलेले हत्ती या तालुक्यात गेली वीस-बावीस वर्षे वावरत आहेत आणि एका रात्रीत माड-केळींचे होत्याचे नव्हते करतात. आम्हाला घरात बसवून दादांनी जुन्या वह्या काढल्या, आणि मला ती संध्याकाळ फेरीपेक्षा कमी मोलाची वाटली नाही. राईच्या रकान्यातही पूर्वीची काही नावे पुढे येईनाशी होतात. देवळाचा जीर्णोद्धार झाला, सिमेंटचा सभामंडप आला, जत्रेच्या दशावताराला माणसे बसावीत म्हणून भोवतालची झुडपे साफ झाली, फरशी पडली, आणि त्या अंगाच्या नोंदींतून नवरंग गेला. कुऱ्हाड न लावण्याचा देवाचा नियम अजून पाळला जातो. झुडूप मात्र त्या नियमात बसत नाही.

ज्यांना दोन दिवसांत शंभर जातींची यादी हवी आहे, त्यांनी येथे येऊ नये. त्यांना लपण असलेली अधिक सोयीची ठिकाणे गोव्याच्या हद्दीत मिळतील. लहान मुलांना घेऊन जरूर यावे, कारण चार रकाने भरण्याचा खेळ मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. नवरंग आणि हिवाळी पाहुण्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. तिबोटी खंड्या पाहायचा असेल तर जूनच्या सुरुवातीला यावे, मात्र तेव्हा जळवांची तयारी ठेवावी. सावंतवाडी रोड स्थानकावरून गाडी आधी ठरवून घ्यावी. फेरी दादाच घेणार आहेत का, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्यावे. ते घेणार असतील तर पाचपैकी साडेचार, पुतण्या घेणार असेल तर तीन.

निघण्याच्या सकाळी दादा परत आले होते आणि गाडीपर्यंत सोडायला येताना त्यांनी आम्हाला रस्त्याच्या वरच्या वळणावर थांबवले. समोरचा उतार ताजा तोडलेला होता. 2013 पासून सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला उच्च न्यायालयाची मनाई आहे. उतारावर जेसीबीने कापलेल्या लाल मातीच्या पायऱ्या दिसत होत्या आणि बुंध्यांच्या कडा अजून ओल्या होत्या. जमीन कोणाची, ते दादांनी सांगितले नाही. त्यांनी खिशातून वही काढली, रेघ मारून पाचवा रकाना आखला, आणि तेथेही आम्हाला पंधरा मिनिटे उभे केले. टिटवी, कोतवाल, वेडा राघू. रकान्याच्या माथ्यावर काय लिहायचे, ते त्यांना सुचले नाही, म्हणून त्यांनी नुसती तारीख घातली आणि साक्षीदार म्हणून खाली आम्हा चौघांच्या सह्या घेतल्या.